आकाशाची हजेरी घेणारा शास्त्रज्ञ : फ्रिट्झ झ्विकी



मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या आसपास आपल्या जांबोटी परिसरातल्या रानात काजवे चमकू लागतात. काळोखात एखादे झाड लखकन उजळते आणि पुन्हा दिसेनासे होते. त्या क्षणी आपले लक्ष तिकडे असेल तरच ते दिसते. शेजारी उभा असलेला मित्र कुठे, कुठे, असे विचारेपर्यंत सारे संपलेले असते.

आकाशातही असे दिवे लागतात. एखाद्या दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात, एक तारा अचानक पेटतो. काही दिवसांतच तो कोट्यवधी सूर्यांएवढा प्रकाश देऊ लागतो. काही आठवडे, फार तर काही महिने दिसतो आणि विझत जातो. त्याला अतिनवतारा म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतला सुपरनोव्हा तो हाच. अशा दिव्यांच्या शोधात ज्यांनी आयुष्याची चाळीस वर्षे घालवली, त्या फ्रिट्झ झ्विकी यांची आज ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

झ्विकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना या बंदराच्या गावी झाला. वडील स्वित्झर्लंडचे, व्यापारानिमित्त तिथे स्थायिक झालेले. आई चेक वंशाची. तीन भावंडांत फ्रिट्झ सर्वांत थोरले. मुलाने शिकून व्यापार सांभाळावा म्हणून वयाच्या सहाव्या वर्षीच त्यांना स्वित्झर्लंडमधील ग्लारुस या डोंगराळ भागात आजीआजोबांकडे पाठवण्यात आले. आईवडिलांपासून दूर, पण डोंगराच्या सान्निध्यात हा मुलगा वाढला. गिर्यारोहणाची आवड त्यांना तिथेच लागली आणि ती आयुष्यभर टिकली.

व्यापाराच्या हिशेबापेक्षा त्यांचे मन गणितात आणि भौतिकशास्त्रात रमू लागले. झुरिच येथील ज्या तंत्रविद्यापीठात पूर्वी आइन्स्टाइन शिकले होते, तिथेच झ्विकी यांनी शिक्षण घेतले आणि १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय होता स्फटिक. आकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९२५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅलटेक या संस्थेत गेले. जवळच माउंट विल्सनची प्रसिद्ध वेधशाळा होती. स्फटिकांचा हा अभ्यासक तिथे हळूहळू ताऱ्यांकडे वळला.

१८८५ सालचे कोडे

त्या काळी खगोलशास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. ऑगस्ट १८८५ मध्ये देवयानी तारकासमूहातील अंधुक तेजोमेघात एक नवा तारा दिसला होता. काही महिन्यांत तो दिसेनासा झाला. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती की तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतलाच आहे. त्यामुळे तो ताराही नेहमीच्या नवताऱ्यांपैकी एक असावा असे मानले गेले.

पुढे १९२० नंतरच्या काळात एडविन हबल यांनी दाखवून दिले की देवयानीतील तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे. ती स्वतंत्र दीर्घिका आहे. आता कोडे अधिकच अवघड झाले.

हे आपल्या ओळखीच्या उदाहरणाने पाहू. रात्री चोर्ला घाटाच्या दिशेने एक दिवा दिसला. तो जवळच्या शेतातला कंदील आहे की दूरच्या वळणावरचा ट्रक, हे नुसत्या दिव्याकडे पाहून सांगता येत नाही. पण तो दिवा पलीकडच्या डोंगराच्या सड्यावर आहे हे कळले, की तो कंदील नसून फार मोठा दिवा आहे हे लगेच समजते. तसेच इथे झाले. दिवा कोणत्या डोंगरावर आहे हे हबल यांच्यामुळे कळले. मग हिशेब निघाला, तो असा की १८८५ चा तो एकटा तारा त्या वेळी कोट्यवधी सूर्यांहूनही तेजस्वी झाला असला पाहिजे. म्हणूनच अशा स्फोटाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ स्फोट ज्या दीर्घिकेत झाला त्या दीर्घिकेचाही अभ्यास करतो. घर कळल्याशिवाय दिव्याची ओळख पटत नाही.

एक धाडसी विचार

जर्मनीहून आलेले वॉल्टर बाडे हे खगोलशास्त्रज्ञ १९३१ पासून माउंट विल्सन येथे काम करत होते. झ्विकी आणि बाडे यांची जोडी जमली. बाडे निरीक्षणात तरबेज, तर झ्विकी कल्पनांचे भांडार. दोघांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि नवताऱ्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत असे ठरवले. एक साधा, तर दुसरा प्रचंड. या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी सुपरनोव्हा हे नाव दिले.

डिसेंबर १९३३ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत त्यांनी आपले म्हणणे मांडले आणि १९३४ मध्ये ते छापून आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मोठ्या ताऱ्याचे आयुष्य संपताना तो आत कोसळतो. त्याचा गाभा न्यूट्रॉन या कणांचा एक छोटा, पण अतिशय घट्ट गोळा बनतो. कोसळण्यातून निघालेल्या ऊर्जेने बाहेरचा भाग उधळला जातो. अवकाशातून पृथ्वीवर येणारे विश्वकिरणही अशाच स्फोटांतून निघत असावेत.

न्यूट्रॉनचा शोध १९३२ मध्ये लागला होता. म्हणजे तो कण माहीत होऊन जेमतेम दोन वर्षे होत होती. अशा वेळी सबंध तारा न्यूट्रॉनचा असू शकतो असे म्हणणे म्हणजे मोठेच धाडस होते. सूर्यापेक्षा जास्त वजनाचा, पण जांबोटी ते बेळगाव एवढ्या अंतरात मावेल असा तारा! पुष्कळांना ही कविकल्पना वाटली.

दोन वर्षे हाती काहीच नाही

विचार मांडला, पण पुरावा कुठून आणायचा? आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. तेव्हा दुर्बीण आकाशाकडे वळायची होती. पुढचा कधी दिसेल याची वाट पाहत बसलो तर जन्म जाईल.

झ्विकी यांनी वेगळा हिशेब केला. एका घरात बारसे पाच-दहा वर्षांतून एकदा होत असेल. पण शंभर घरांच्या गावात दरवर्षी कुठे ना कुठे पाळणा हलतोच. तसेच एका दीर्घिकेत कित्येक शतकांत एखादाच स्फोट होत असेल, तर शेकडो दीर्घिकांवर एकाच वेळी नजर ठेवावी. मग दरवर्षी काही तरी दिसलेच पाहिजे.

१९३४ मध्ये त्यांनी कॅलटेकच्या इमारतीच्या छपरावर एक लहानसा कॅमेरा बसवला. त्याच्या भिंगाचा व्यास होता सव्वातीन इंच. कन्या राशीच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या मोठ्या समूहाचे ते पुन्हा पुन्हा फोटो घेत राहिले. नवा फोटो जुन्या फोटोशी ताडून पाहायचा. वर्गात बाई हजेरी घेतात तशी प्रत्येक ठिपक्याची हजेरी घ्यायची. कोणी नवा आला आहे का? नाही. पुन्हा दुसरा फोटो. पुन्हा तेच उत्तर.

अशी दोन वर्षे गेली. एकही अतिनवतारा सापडला नाही. एवढा गाजावाजा करून मांडलेला विचार आणि हाती शून्य! सहकारी हसू लागले. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. झ्विकी यांनी आपला हिशेब पुन्हा तपासला. हिशेब बरोबर होता, कॅमेरा मात्र अपुरा होता. अधिक अंधुक ठिपके टिपणारी आणि एका नजरेत आकाशाचा मोठा तुकडा पाहणारी दुर्बीण हवी होती.

पालोमार डोंगरावरची दुर्बीण

अशी दुर्बीण जर्मनीत तयार झाली होती. बर्नहार्ट श्मिट या कुशल कारागिराने १९३० च्या सुमारास ती युक्ती शोधून काढली होती. लहानपणी एका अपघातात श्मिट यांचा उजवा हात गेला होता. उरलेल्या एका हाताने ते भिंगे आणि आरसे घासत. बाडे त्यांना ओळखत होते. त्यांच्या पद्धतीची १८ इंची दुर्बीण कॅलिफोर्नियातील पालोमार डोंगरावर बसवण्यात आली. १९३६ च्या सप्टेंबरमध्ये ती सुरू झाली. त्या डोंगरावरची ती पहिलीच दुर्बीण होती. तिच्या एका फोटोत पौर्णिमेच्या चंद्राची शेकडो बिंबे मावतील एवढे आकाश येई.

झ्विकी आणि त्यांचे सहकारी जोसेफ जॉन्सन यांनी नेमाने काम सुरू केले. थंडी असो, झोप अनावर होवो, आकाश निरभ्र असले की फोटो घ्यायचेच. १९३७ च्या सुरुवातीलाच पहिला अतिनवतारा हाती लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसी ४१८२ या छोट्या दीर्घिकेत दुसरा सापडला. तो एवढा प्रखर होता की साऱ्या दीर्घिकेपेक्षा तो एकटाच सुमारे शंभरपट तेजस्वी दिसत होता. ही दीर्घिका सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे तो स्फोट प्रत्यक्षात झाला तेव्हा पृथ्वीवर माणूस जन्मालाही आला नव्हता. तो प्रकाश दीड कोटी वर्षे प्रवास करून आला आणि नेमका त्या आठवड्यांत कोणीतरी जागे होते, म्हणून तो दिसला.

मग शोध वाढत गेले. बाडे यांनी मोठ्या दुर्बिणीतून या ताऱ्यांचे तेज रोज कसे उतरते ते मोजले. रुडॉल्फ मिंकोव्स्की यांनी त्यांच्या प्रकाशाचे वर्णपट घेतले आणि १९४१ मध्ये त्यांचे दोन वर्ग पाडले. पुढे असेही लक्षात आले की एक प्रकार जुन्या, शांत दीर्घिकांतही आढळतो, तर मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून होणारा प्रकार जिथे नवे तारे जन्माला येत आहेत अशाच दीर्घिकांत दिसतो. मोठे तारे थोड्याच काळात आपले इंधन संपवतात, म्हणून ते जन्मस्थानाजवळच मरतात. दीर्घिका पाहून ताऱ्याच्या मरणाचे कारण सांगता येते, ते असे.

या स्फोटांचे महत्त्व आपल्यालाही आहे. आपल्या रक्तातले लोह आणि हाडांतले कॅल्शियम फार पूर्वी अशाच ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत तयार झाले आणि अवकाशात विखुरले. त्या राखेतूनच पुढे सूर्य, पृथ्वी आणि आपण घडलो.

न दिसणारे द्रव्य

१९३३ मध्येच झ्विकी यांनी आणखी एक मोठी गोष्ट सांगितली होती. अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा जमाव आहे. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरे पडत नव्हते. तरीही जमाव पांगत नव्हता. मग तिथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याला आज कृष्णद्रव्य म्हणतात. त्या वेळी याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. चाळीसएक वर्षांनी व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांनंतर जगाने ते गांभीर्याने घेतले. हे द्रव्य नेमके कशाचे आहे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

दीर्घिकांची मोजदादही त्यांनी हाती घेतली. सहकाऱ्यांसह तयार केलेली त्यांची सहा खंडांची सूची १९६१ ते १९६८ या काळात प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ३० हजार दीर्घिका आणि ९ हजारांहून अधिक दीर्घिकासमूह नोंदलेले आहेत.

स्वभाव आणि माणुसकी

मित्रांनो, थोर माणसांचे सगळेच अनुकरण करण्यासारखे असते असे नाही. झ्विकी यांची जीभ फार तिखट होती. सहकाऱ्यांना ते चारचौघांत लागेल असे बोलत. जिवलग सहकारी बाडे यांच्याशीही त्यांचे इतके बिनसले की जुनी मैत्री उरली नाही. या स्वभावाची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांचे बरोबर असलेले विचारही लोकांनी लवकर ऐकून घेतले नाहीत. त्यांचे सगळेच विचार बरोबर होते असेही नाही. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबूस का दिसतो याचे त्यांनी दिलेले एक स्पष्टीकरण पुढे चुकीचे ठरले.

पण याच माणसाची दुसरी बाजूही पाहा. दुसऱ्या महायुद्धात युरोप आणि आशियातील अनेक ग्रंथालये बेचिराख झाली. झ्विकी यांनी ठिकठिकाणाहून शास्त्रीय नियतकालिके आणि पुस्तके गोळा केली आणि ती पेट्या भरभरून त्या ग्रंथालयांना पाठवली. युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतही त्यांनी पुढाकार घेतला. युद्धकाळात रॉकेटच्या संशोधनात केलेल्या कामाबद्दल १९४९ मध्ये अमेरिकेने त्यांना मोठा नागरी सन्मान दिला. तरीही आपले स्विस नागरिकत्व त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

उशिरा आलेले यश

१९६७ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक ठेक्याने येणारे रेडिओ संदेश सापडले. ते वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे होते. त्याला स्पंदक म्हणतात. १९६८ मध्ये वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघातही असा स्पंदक मिळाला. हा तेजोमेघ म्हणजे १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचे अवशेष. स्फोट आणि न्यूट्रॉन तारा दोन्ही एकाच ठिकाणी! १९३४ मध्ये ज्याला लोक हसले, ते ३४ वर्षांनी खरे ठरले. झ्विकी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. हा दिवस त्यांना पाहायला मिळाला.

१९७२ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. निवृत्तीनंतरही त्यांचे शोधकाम चालूच होते. त्यांच्या नावावर एकूण सुमारे १२० अतिनवतारे जमा आहेत. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी, शहात्तरावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, पासाडेना येथे त्यांचे निधन झाले. ग्लारुसमधील मॉलिस या गावी, बालपणीच्या डोंगरांच्या कुशीत, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

कुरुंदवाड ते पालोमार

ही गोष्ट इथेच संपत नाही. पालोमार डोंगरावरच १८ इंची दुर्बिणीनंतर ४८ इंची दुर्बीण उभी राहिली होती. २०१८ मध्ये तिला एक प्रचंड कॅमेरा जोडून आकाशाची पाहणी सुरू झाली. एका फोटोत सुमारे २३५ पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश येते. जुना फोटो आणि नवा फोटो यांची तुलना संगणक करतो. त्याने हजारो अतिनवतारे शोधून दिले. या उपक्रमाला झ्विकी यांचेच नाव दिले आहे.

हा उपक्रम उभा करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते शास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. नरसोबावाडीला जाताना आपल्यापैकी अनेकांनी ते गाव पाहिले असेल. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीत झाले. विद्यार्थिदशेतच, १९८२ मध्ये, सेकंदाला सुमारे ६४२ वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा शोधणाऱ्या गटात ते होते. गॅमा किरणांचे क्षणिक स्फोट आपल्या आकाशगंगेत नव्हे तर दूरदूरच्या दीर्घिकांत होतात, हे १९९७ मध्ये कॅलटेकच्या ज्या गटाने दाखवले, त्यातही ते होते. पुन्हा तीच गोष्ट. दिवा कोणत्या डोंगरावर आहे ते आधी शोधायचे. २०२४ मध्ये त्यांना शॉ पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही लडाखमधील हानले येथे ७० सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण अशा अल्पजीवी घटनांचा पाठपुरावा करण्यासाठी २०१८ पासून उभी आहे. मुंबईच्या आयआयटीचा तिच्यात सहभाग आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्या शाळेत मोठी दुर्बीण नाही. पण मोठ्या शहरांना न मिळणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे. ती म्हणजे काळोख. पाऊस संपला की दिवाळीनंतर रात्री पूर्वेला मृग नक्षत्र उगवते. त्यातील तांबूस तारा काक्षी आणि जवळच वृषभ राशीतील तांबूस तारा रोहिणी. दर पंधरा दिवसांनी या दोघांकडे पाहा आणि कोण अधिक तेजस्वी दिसतो ते तारीख घालून वहीत लिहा. एरवी काक्षी वरचढ असते. पण २०१९ च्या अखेरीस ती मंद होऊ लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रोहिणीपेक्षाही फिकी पडली होती. जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे लागले होते. एक दिवस काक्षीही अतिनवतारा होऊन फुटणार आहे. ती उद्या फुटेल किंवा लाख वर्षांनीही.

तोपर्यंत तुमच्या वहीत बहुधा एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहावे लागेल, की आज काही नवीन नाही. झ्विकी यांनी दोन वर्षे तेच लिहिले होते. ते वाक्य लिहिण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही, म्हणून तिसऱ्या वर्षी त्यांना वेगळे वाक्य लिहिता आले.